आठ पॉइंट एक

८.१

कागदावर एवढंच होतं.

गेनबा, वय ६९, पुरुष. बुधवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं.
पोटॅशियम ८.१
नेहमीचं प्रमाण ३.५ ते ५.०

आकड्याभोवती लाल पेनाने वर्तुळ काढलेलं होतं. ते हॉस्पिटलने नाही, तनुजाने काढलं होतं. तनुजा म्हणजे गेनबांची मुलगी. ती सांगवीला दिली होती आणि बुधवारी बाप गेल्यापासून इथेच होती.

"डॉक्टरांनी स्वतः सांगितलं," ती म्हणाली. "पोटॅशियम फार वाढलं, म्हणून हृदय बंद पडलं. आता हे बघा."

तिने मिठाचा पुडा कागदाशेजारी ठेवला. बीपीवाल्यांसाठी म्हणून विकतात ते, कमी सोडियमचं. पुड्याच्या पाठीवरच्या एका ओळीभोवतीही लाल वर्तुळ होतं. पोटॅशियम क्लोराइड.

"वहिनीने सोमवारी आणलं, बुधवारी आबा गेले. अजून काय पाहिजे, सिस्टर?"

वहिनी, म्हणजे गेनबांची सून तेजल, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चार दिवसांत तिच्या हातचं कुणी काही खाल्लं नव्हतं. सुतकातलं जेवण नातलग आणत होते. नातलगांचं संपलं की तनुजा सांगवीहून डबा मागवत होती. सासूला, तानाबाईला, तेजलने पाणी दिलं तरी ती तांब्या बाजूला सारायची.

घराच्या मागे, भिंतीपलीकडे, तापलेलं पोलाद ठोकणारी फोर्जिंग कंपनी. तिथे हॅमर पडला की इथे तांब्यातलं पाणी थरथरे. त्या हॅमरवर गेनबांनी एकतीस वर्षं काढली होती. आता मुलगा रविराज त्यावर होता. त्यानेच सिस्टरला बोलावलं होतं.

सिस्टर म्हणजे जयमाला. राहायला दिघीला, नोकरीला कंपनीच्या दवाखान्यात, बावीस वर्षं. भाजलेले हात, चेचलेली बोटं, बसलेले कान, सगळं आधी तिच्यापुढे यायचं. या घरात तिचा शब्द डॉक्टरपेक्षा मोठा होता.

"तुम्ही सांगाल ते मला मान्य," तनुजा म्हणाली. "मीठ नाही म्हणालात तर मी वहिनीच्या पाया पडेन. आणि मीठ असेल तर उद्या चौकीत अर्ज. लिहून तयार आहे."

जयमालाने पुडा उचलला नाही. ती कागदाकडेच बघत राहिली.

"आठ पॉइंट एक एका झटक्यात होत नाही," ती म्हणाली. "त्याआधी सात होतं, त्याआधी सहा. गेनबांचं रक्त नीट होतं, तिथपर्यंत मला मागं मागं जायचंय. कुणी घर सोडून जाऊ नका."

७.४

तेजलला तिने मागच्या ओट्यावर नेलं. तनुजा दाराआड उभी राहिली. सिस्टर हळू बोलत होती, त्यामुळे तनुजाला फक्त उत्तरं ऐकू आली. तेजल सासऱ्यांना मामा म्हणायची, सासूला आत्या.

— मीच आणलं. मोबाइलवर आलेलं, बीपीला चांगलं असतं म्हणून. मामांना बीपी होतं ना.

— नाही, कुणाला विचारलं नाही.

— सगळ्यांनीच खाल्लं. मामांनी, आत्यांनी, यांनी, मी पण.

— मंगळवारी दुपारी आमटी-भात. मामांनी चार घास खाल्ले असतील. संध्याकाळी काहीच नाही, झोपले होते ना.

— दिवेलागणीपासून.

— घोरत होते. खूप मोठ्यानं. मग एकदम थांबायचे. मग परत.

— नाही उठवलं. आत्यांनी टीव्ही लावू दिला नाही, कुकर पण लावू दिला नाही. महिन्यानं झोपलेत म्हणाल्या.

— डाव्या कुशीवर. खाली, फरशीवर, सतरंजी टाकून. पाठीच्या ऑपरेशननंतर गादी सोसायची नाही त्यांना.

— सकाळी नऊला. हाका मारल्या, हलवलं. मग पापणी वर करून बघितली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली.

— हो, दुखण्यावर पट्टे चालू होते, वेदनांच्या डॉक्टरांनी शनिवारपासून दिलेले.

— हो. लघवीची बाटली मीच ओतली, रात्री नळीला जोडतो ती. मीच धुतली.

दार धाडकन उघडलं.

"ऐकलंत?" तनुजा ओरडली. "पुरावा धुवून ठेवला हिनं!"

"वन्सं, बाटली रोज मीच धुते," तेजल म्हणाली. "गेले सहा महिने. तुम्ही कधी धुतलीत?"

तनुजाचा हात वर गेला. जयमालाने तो हवेतच धरला आणि तसाच खाली आणला.

"वजनकाटा आहे का घरात?"

स्वयंपाकघरात छोटा काटा होता. एक किलोच्या पुड्यात नऊशे चाळीस ग्रॅम मीठ उरलं होतं.

"साठ ग्रॅम गेलं. दोन दिवसांत, चौघांत," जयमाला म्हणाली. "त्यातही पोटॅशियम थोडंच, बाकी साधं मीठ. तेजल, बीपी असलेल्या म्हाताऱ्या माणसाची किडनी नाजूक असते, त्याला हे मीठ विचारल्याशिवाय द्यायचं नसतं. ही तुझी चूक, मी ती झाकणार नाही. पण या चुकीनं पाचाचं साडेपाच होईल. साडेपाचाचं आठ करायला दुसरं काहीतरी लागतं."

"काय?" तनुजाने विचारलं.

"वेदनांच्या डॉक्टरांनी दिलेले पट्टे कुठायत?"

रविराज भिंतीला टेकून बसला होता. तो उठला, आणि उठून कुठेच गेला नाही.

६.६

पट्टे फ्रिजवरच्या डब्यात होते. दोन ऑपरेशनं होऊनही पाठ दुखायची थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी ते लिहून दिले होते. दिसायला साध्या चिकटपट्टीसारखे. आत मॉर्फिनच्या जातीचं औषध, कातडीतून हळूहळू झिरपणारं. एक पट्टा तीन दिवस पुरतो. खोक्यात पाच.

पहिला शनिवारी दुपारी, डॉक्टरांनी स्वतः लावलेला. दुसरा मंगळवारी दुपारी, तेजलने बदललेला.

खोक्यात तीन उरायला हवे होते. जयमालाने खोकं उलटं केलं.

दोन.

मागे हॅमर तीनदा पडला.

"दादा," तनुजा सावकाश म्हणाली, "सोमवारी मी फोन केला तेव्हा मागून तुझा आवाज येत होता. आबा ओरडत होते. आणि तू म्हणालास, झोपा आता, नाहीतर मलाच काहीतरी करावं लागेल."

"म्हणालो होतो."

"मग? केलंस?"

रविराजने जयमालाला मानेनेच खुणावलं आणि तो बाहेर गेला. ती मागोमाग गेली.

भिंतीपाशी उभं राहून त्याने पाकीट काढलं. आधार कार्डामागे घडी घातलेली एक चपटी पुडी होती. सीलबंद.

"लावला नाही, सिस्टर. आबांना नाही आणि मला पण नाही."

"मग घेतलास कशाला?"

"खांदा." त्याने उजवा हात वर उचलायचा प्रयत्न केला. तो कानापर्यंतही गेला नाही. "दवाखान्यात नोंद करून तुमच्याकडं आलो असतो तर हॅमरवरून काढून पॅकिंगला टाकलं असतं. ओव्हरटाइम बंद. वाटलं, आबांना चालतं तर मला पण चालंल. मग आबा गेले. आता हे खिशात ठेवता पण येईना आणि टाकता पण येईना."

जयमालाने पुडी घेतली, फिरवून बघितली. सील शाबूत होतं. तिने ती पर्समध्ये टाकली.

"सोमवारी दवाखान्यात ये. हॅमरवरून काढतील. काढू देत."

त्याने पाकीट परत खिशात घातलं.

हिशोब जुळला होता. दोन वापरले, दोन खोक्यात, एक खिशात. हॉस्पिटलमध्ये गेनबांच्या अंगावरून एकच पट्टा काढला होता, आणि हे रविराजने डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणी दुसरा चिकटवला नव्हता.

जयमालाला मात्र हलकं वाटलं नाही. मोठ्ठं, अडखळतं घोरणं. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या. औषध अंगात फार झालं की असंच होतं. पण पहिल्या पट्ट्यावर हाच माणूस तीन दिवस ओरडत होता. तेच खोकं, तीच ताकद. मग दुसऱ्याच पट्ट्याने तो पंधरा तास हलला कसा नाही?

"रविराज," तिने विचारलं, "हॉस्पिटलचा हा एकच कागद आला?"

"एवढाच दिला हातात. बाकीचं मोबाइलवर पाठवतो म्हणाले."

"पाठवलं?"

त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. बुधवार दुपारपासूनचे निरोप साचले होते. दुःख झालं, दुःख झालं, फुलं, हात जोडलेले, फुलं. आणि त्यांच्यामध्ये, कुणीही न उघडलेली, एक फाइल.

५.८

ती बुधवारी दुपारी सव्वादोनला आली होती. तोवर घरी नातलग जमले होते आणि अंत्ययात्रेची तयारी चालली होती.

त्यात आणखी एक तपासणी होती. शरीरातले स्नायू मोडले की रक्तात वाढतो, असा एक घटक. नेहमी तो दोनशेच्या आत असतो.

एक्केचाळीस हजार.

जयमाला घरात आली आणि सगळ्यांच्या मध्ये बसली.

"अंघोळ कुणी घातली गेनबांना?"

"मी," रविराज म्हणाला. "आणि शेजारचे माऊलीकाका."

"डावा हात कसा होता?"

रविराज दचकला. "तुम्हाला कसं कळलं? फुगला होता. मनगटापासून खांद्यापर्यंत, कडक. चांदीची अंगठी निघंना. शेवटी माऊलीकाकांनी पकडीनं कापली."

"आणि उजव्या हातातली?"

"ती आपोआप निघाली."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," तनुजा म्हणाली. "विषानं सुजतं असं."

"विषानं एकच हात सुजत नाही. डावी मांडी पण तशीच होती?"

रविराजने हो म्हणून मान हलवली.

"तेजल, बुधवारी सकाळी बाटलीत लघवी कोणत्या रंगाची होती?"

"काळपट. कोऱ्या चहासारखी. मला वाटलं, पाणी कमी प्यायलेत."

जयमालाने तोंडावर दोन्ही हात फिरवले. मग ती बोलली. हॅमरच्या पोरांना समजावताना बोलायची तशी, एकेक शब्द वेगळा करून.

"माणूस झोपेत कूस बदलतो. आपल्याला कळत नाही, पण रात्रीत वीस-वीस वेळा बदलतो. हात दबला की दुखतं, दुखलं की वळतो. गेनबांना दुखलंच नाही. औषध इतकं चढलं होतं की अंगाखाली हात चिरडतोय हे अंगाला कळलं नाही. पंधरा तास फरशीवर, एका कुशीवर, सगळं वजन डाव्या हातावर आणि मांडीवर. तिथले स्नायू मेले. पोटॅशियम बाहेरून आलंच नाही, ते स्नायूंमध्येच भरलेलं असतं. स्नायू मेले, ते रक्तात उतरलं. मेलेल्या स्नायूंचा गाळ किडनीत बसला, म्हणून लघवी काळी. किडनी तुंबली, म्हणून पोटॅशियम बाहेर पडेना. सहा. सात. आठ."

"म्हणजे कुणी…" तनुजा थांबली. "कुणी काहीच केलं नाही?"

"मीठ नव्हतं, एवढं नक्की."

तेजल दारातच खाली बसली. रडली नाही. नुसती बसली.

"पण औषध एवढं चढलं कशानं?" तनुजाने विचारलं. "पट्टा तर एकच होता."

ती गेनबांचीच मुलगी होती. अर्ध्यावर सोडणारी नव्हती.

४.४

मंगळवार, दिवेलागणीच्या आधी. गेनबांचं रक्त अजून नीट होतं. जयमालाला तिथे पोचायचं होतं, आणि मध्ये फक्त एक प्रश्न होता.

"तेजल, दुसरा पट्टा कुठं लावलास?"

"पाठीवर. खाली, कंबरेच्या वर. डॉक्टरांनी छातीवर लावला होता. पण मामा म्हणाले, दुखतंय तिथं लाव की. छाती कुठं दुखतीय माझी?"

जयमाला उठली. तिला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं म्हणून ती भिंतीकडे वळली. तिथे स्टुलावर गेनबांचा फोटो होता. पुढे दिवा. आणि दिव्याशेजारी, हळदकुंकू लावून ठेवलेला, त्यांचा ठोकळा.

रिटायर होताना हॅमरवाल्यांनी तो दिला होता. गिअरचा कच्चा तुकडा, भाकरीच्या गोळ्यासारखा चपटा आणि गोल, पावणेदोन किलोचा. पॉलिश करून वर नाव कोरलेलं. गेनबा, हॅमर नंबर दोन, ३१ वर्षे. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत जयमालाही होती.

वरून तो आरशासारखा पांढरा होता.

तिने तो उचलला आणि उलटा केला.

तळ निळा होता. मध्ये गडद निळा, त्याभोवती जांभळा, आणि कडेला वाळलेल्या गवताच्या काडीसारखा पिवळा. असा निळा रंग पोलादावर लावता येत नाही. पोलाद जाळावर ठेवलं की तो आपोआप चढतो आणि जात नाही. कंपनीत ती तो बावीस वर्षं बघत होती.

थंडीच्या दिवसांत हॅमरवाल्यांची एक रीत असायची. टी-ब्रेकमध्ये गरम तुकडा गोणपाटात गुंडाळायचा आणि भिंत आणि पाठ यांच्यामध्ये दाबून बसायचं. गोळीपेक्षा हे बरं, असं ती स्वतःच त्यांना सांगायची. दोन महिन्यांपूर्वी गेनबांचा फोन आला होता. सिस्टर, कायतरी सांगा राव, रात्र जात न्हाई. तेव्हा पट्टा नव्हता. ती म्हणाली होती, ठोकळा आहे ना घरात? शेक घ्या. रोज घ्या.

तिने ठोकळा परत ठेवला, पहिल्यासारखा, पांढरी बाजू वर.

पट्ट्यावर शेक दिला की तीन दिवसांचं औषध काही तासांत अंगात उतरतं. खोक्यातल्या इंग्रजी कागदावर ते लिहिलेलं असतं. तो कागद घडीसुद्धा न मोडता डब्याच्या तळाशी पडलेला होता. पहिला पट्टा छातीवर होता आणि शेक पाठीवर, म्हणून शनिवारपासून काही झालं नाही. मंगळवारी दोन्ही एका जागी आले.

इथे थांबता येत होतं. औषध एकदम जास्त चढलं असेल, कधीकधी होतं, असं सांगून निघता आलं असतं. जयमाला वळली. तनुजाच्या मांडीवर अर्जाचा कागद होता. तो तिने अजून फाडला नव्हता. उत्तर मिळालं नाही तर ती तो फाडणार नव्हती, आज ना उद्या तो पुन्हा निघणार होता, आणि तेजल जन्मभर तांब्या पुढे करत राहणार होती.

"शेक," जयमाला म्हणाली. "पट्ट्यावर शेक बसला. ऊब लागली की औषध भसाभस आत जातं. आणि शेक घ्यायला मी सांगितलं होतं. फोनवर. पट्टा सुरू झालाय हे मला माहीत नव्हतं, मी परत विचारलंही नाही. अर्ज करायचा तर माझ्या नावानं कर, तनुजा."

तनुजाने कागदाकडे पाहिलं. मग तेजलकडे. कागदाचे दोन तुकडे केले, चार केले, आणि ते तुकडे कुठे ठेवायचे हे तिला कळेना.

सकाळपासून तानाबाई कोपऱ्यात गुडघ्यांभोवती हात गुंडाळून बसली होती. तिला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता.

०

"तुमी सांगितला व्हता," तानाबाई म्हणाली. "पन दिला मी."

"आई—" रविराज म्हणाला.

"बोलू दे मला. रोज देत व्हते. ग्यासवर ठिवायचा, गोनपाटात बांधायचा. मंगळवारी म्हनले, लई बरं वाटतंय ग, आजून थोडा दाब. म्या दाबला. पुन्यांदा गरम केला. झोपले. म्या म्हनलं, देव पावला." ती तेजलकडे वळली. "ही उठवत व्हती. दोनदा आली. मामांनी खाल्लं न्हाई म्हनली. म्या हाकलली हिला. ह्या दारात बसले रातभर, कुनी उठवू नये म्हून."

मागे हॅमर पडला, दिव्याची वात हलली.

मग तेजल उठली. तिने तांब्या भरून आणला आणि सासूपुढे ठेवला. तानाबाईने तो दोन्ही हातांनी उचलला आणि वरून, घटाघटा, सगळा प्यायली. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं.

जयमालाने पर्स घेतली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून हाक आली.

"सिस्टरबाई."

"काय मावशी?"

"हात चिरडत व्हता म्हनला तुमी. रातभर." तानाबाईची नजर ठोकळ्यावर होती. "मंग त्यास्नी कायीच कळलं नसंल ना? कुठंतरी आत, दुखलं नसंल?"

"नाही," जयमाला म्हणाली. "अजिबात नाही."

त्या दिवशी तिने दिलेल्या सगळ्या उत्तरांमधलं हे एकच तिने तपासलेलं नव्हतं.